बाभळीची उंची

मे महिन्यात, दुपारी अडीचला
गोंदूरची धावपट्टी जागेवर नसते.
नकाशात ती समुद्रापासून नऊशे फुटांवर,
पण पारा पंचेचाळीसला टेकला
की हवा पातळ होत जाते,
पाहुणे वाढले की ताकात पाणी ओततात तशी,
आणि इंजिनाला, पंखांना वाटतं
आपण पावणेपाच हजार फुटांवर उभे आहोत,
तोरणमाळच्याही वर.
धुळं असतं तिथेच असतं.
विमानापुरतं ते डोंगर चढून गेलेलं असतं.

हे मी एकवीस वर्षं वर्गात शिकवतो.
फळ्यावर तक्ता काढतो, तापमान इकडे, वजन तिकडे,
रेघा मिळतात तिथे बोट ठेवा, म्हणतो,
आणि बोट सांगेल ते ऐका.

त्या दिवशी मी बोट ठेवलं नाही.

शिंदखेड्याकडे कुणाचं तरी लग्न,
वरातीवर पाकळ्या टाकायच्या होत्या.
नवरदेवाचे मामा रतनसिंग गिरासे जातीनं आलेले,
सोबत एक जाडजूड भाचा, गुलाबाच्या दोन गोण्या,
आणि टाक्या काठोकाठ, सकाळीच कुणी भरून ठेवलेल्या.
इंधन काढायला अर्धा तास गेला असता.
वरात तीनला निघणार होती.
राखणदार आत्माराम ठेलारी
वाऱ्याच्या लोंबत्या पिशवीकडे बघून म्हणाला,
'सायेब, आज वारा मरी गया.'
मी ऐकलं.
मान हलवली, काळा चष्मा लावला.

धावपट्टी संपत आली
तरी चाकं खडखडतच होती.
थांबता येईल अशी शेवटची जागा
मागे पडते तेव्हा आवाज होत नाही,
हे कुठल्या तक्त्यात नाही म्हणून सांगतो.
मग ओढलं.
धोक्याची शिट्टी किंचाळायला लागली,
मागे मामा हसत होते,
त्यांना ती वाजंत्रीतली पिपाणी वाटली असावी.
कुंपण गेलं.
बाभळ आली.
बाभळ गेली.

पाकळ्या बहुतेक कपाशीच्या रिकाम्या रानात पडल्या.
उतरल्यावर मामांनी पेढ्यांचा पुडा दिला,
मी घेतला.

संध्याकाळी युसूफ मिस्त्रीनं
माझ्या टेबलावर एक काडी ठेवली.
वीतभर, हिरवी, दोन काटे शाबूत.
'डाव्या चाकात होती,' म्हणाला,
आणि फडक्याला हात पुसत उभा राहिला.
जास्त बोलला असता
तर मी भांडलो असतो त्याच्याशी.

रात्री देवपूरच्या घरी अहवालाचा कागद काढला.
'कारण' या रकान्यात लिहिलं, अति तापमान.
खोडलं.
भरलेल्या टाक्या, मामांची घाई,
पडलेला वारा,
एकेक लिहून खोडत गेलो.
ऊन तर दरसाल येतं,
त्या दिवशीही सकाळपासून हजर होतं,
कुणापासून लपलं नव्हतं.
गैरहजर मी होतो.
तेच लिहिलं, सही केली,
काडी लिफाफ्यात मावेना, म्हणून तिचं माप लिहिलं.

परवाना चार महिने गेला.
हळहळणारे पुष्कळ आले,
अहो, पाहिलं कुणी होतं, म्हणाले.
चहा देताना बायको म्हणाली, 'युसूफनं.'

बाभळ पुढे तोडली.
तोडायलाच हवी होती, वाटेत होती,
तिच्यासाठी मी रडलोबिडलो नाही.
खुंटावर आता सरडा बसतो ऊन खात.

सोनगीरची हर्षाली यंदा शिकायला आहे,
हिशेबात पक्की, प्रश्नांना धारदार.
परवा वही पुढे करून म्हणाली,
'सर, तुम्ही अडथळ्यात वीस फूट जास्तीचे का धरता?
पुस्तकात तर नाहीत.'
म्हटलं, धर. झाड आहे तिथे.

तिनं खिडकीतून पाहिलं, बराच वेळ.
झाड नव्हतं.
मग पेन्सिल उचलली
आणि वीस फूट धरले.